मन्नारचे मोजलेले शिंपले

एकोणिसाव्या शतकातल्या सिलोन सरकारने काढलेली मोत्यांच्या हंगामाची जाहिरात मी अजूनही पुन्हा पुन्हा वाचते, ती तिच्यातल्या आकड्यांसाठी. हंगाम कुठे भरणार आणि कोणत्या तारखेच्या सुमारास सुरू होणार, हे तर तिच्यात असतंच. त्याखाली समुद्रतळावरच्या एकेका खडकाळ पट्ट्याचं नाव येतं, त्यावर किती शिंपले आहेत याचा अंदाज येतो आणि ते किती होड्यांना किती दिवस पुरतील हेही लिहिलेलं असतं. एक होडी दिवसाला सरासरी १०,००० शिंपले आणते असं धरलेलं असे. म्हणजे एखाद्या पट्ट्यावर १ कोटी शिंपले असतील, तर २०० होड्यांना ते ५ दिवस पुरणार. तेवढे दिवस भरले की त्या पट्ट्यावरचं काम संपायचं.

आधी साठा मोजा, मग किती काढायचं ते ठरवा, असा आग्रह आज मासेमारीच्या प्रत्येक बैठकीत धरला जातो. मन्नारच्या आखातात हे काम शंभर-दीडशे वर्षांपूर्वी रीतसर चाललेलं होतं आणि त्याची छापील नोंद आपल्यासमोर आहे.

मी रत्नागिरीची. शिंपलावर्गातले प्राणी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. भाट्याच्या आणि काळबादेवीच्या खाडीत सुकतीच्या वेळी मुलांना घेऊन उतरायचं, रेतीवर लोखंडी चौकट टाकायची, चौकटीतली रेती चाळायची आणि निघालेल्या तिसऱ्या मोजून, मापून, वहीत लिहून पुन्हा जागेवर सोडायच्या, हे आमचं काम. त्यामुळे मन्नारचे जुने अहवाल मला परके वाटत नाहीत. साधनं वेगळी होती, पण कोणत्या जागी मोजायचं, किती ठिकाणी मोजायचं आणि मोजलेल्यावरून न मोजलेल्याचा अंदाज कसा बांधायचा, ही त्यांची अडचण आमच्यासारखीच होती.

तमिळनाडूचा दक्षिण किनारा आणि श्रीलंकेचा वायव्य किनारा यांच्यामध्ये मन्नारचं आखात आहे. अलीकडे तूत्तुकुडी, पलीकडे अरिप्पू, सिलावत्तुरै, मरिच्चुक्कट्टी. मोत्याचा शिंपला तिसरीसारखा रेतीत रुतून राहत नाही. तो चिवट धाग्यांनी खडकाला चिकटतो. रेताड तळावर जिथे जिथे असे खडकाळ पट्टे आहेत, त्यांना तमिळमध्ये ‘पार’ म्हणतात. चेवल पार, मोदरगम पार, पेरिय पार अशी त्यांची नावं पाणबुड्यांच्या पिढ्यान् पिढ्या चालत आली. पाणी साधारण पाच ते दहा वाव खोल. पांड्यांच्या काळी कोर्कै हे या मोत्यांचं बंदर होतं. पुढे पोर्तुगीज आले, १६५८ मध्ये डच आले, १७९६ मध्ये इंग्रज आले. प्रत्येकाचं या खडकांवर लक्ष होतं.

हंगाम दरवर्षी नसे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पावसाळा सरून समुद्र निवळला की नोव्हेंबरच्या सुमारास सरकारचा निरीक्षक बोटी आणि पाणबुडे घेऊन पारांवर जाई. ठरवलेल्या ठिकाणी नांगर टाकून पाणबुड्यांना खाली सोडायचं, त्यांनी किती शिंपले आणले ते मोजायचं, त्यांचं वय ओळखायचं आणि पुढच्या ठिकाणी जायचं. कॅप्टन डोनन या निरीक्षकाने हे काम अनेक वर्षं केलं आणि त्याच्या अहवालांवरून कोणता पार कधी भरला, कधी ओसाड पडला याचा जवळजवळ सलग इतिहास लावता येतो. नमुन्यादाखल काही हजार शिंपले किनाऱ्यावर आणून कुजवायचे, धुवायचे, त्यातले मोती व्यापाऱ्यांकडून पारखून घ्यायचे आणि हजार शिंपल्यांमागे किती रुपये येतील ते काढायचं. भाव फारच कमी निघाला तर त्याचा अर्थ शिंपला कोवळा आहे. मग तो पार त्या वर्षी राखून ठेवायचा.

पण फार राखूनही चालत नसे. शिंपला चार-पाच वर्षांचा झाला की त्यात विकण्याजोगा मोती सापडू लागतो आणि सहा-सात वर्षांत तो मरतो. तळाशी मेलेल्या शिंपल्यातला मोती कुणाच्याच हाती लागत नाही. दाणा भरलेलं शेत वेळेत कापलं नाही तर ते पाखरांचं होतं, तसाच हा प्रकार. म्हणून निरीक्षकाला दोन चुकांच्या मधून वाट काढावी लागे: लवकर काढलं तर कोवळा माल वाया आणि वाट पाहिली तर सगळाच हातचा जायचा.

हंगाम जाहीर झाला की मरिच्चुक्कट्टीच्या उजाड वाळूवर काही आठवड्यांसाठी हजारो माणसांचं शहर उभं राही. किळक्करैचे मुसलमान पाणबुडे, तूत्तुकुडीकडचे परवर, इराणच्या आखातातून आलेले अरब, मद्रासचे चेट्टी आणि मुंबईचे मोतीवाले, सगळे तिथे. पाणबुड्या पायाखाली दगड घेऊन दोरीने तळाला जाई, मिनिटभरात जाळीची पिशवी भरून वर येई. संध्याकाळी होड्या लागल्या की पाणबुडे आपल्या होडीतल्या शिंपल्यांचे तीन सारखे वाटे करत. त्यातले कोणते दोन सरकारचे हे सरकारी अधिकारी सांगे आणि उरलेला वाटा पाणबुड्यांचा. वाटे त्यांनी केलेले आणि निवड दुसऱ्याची, त्यामुळे वाट्यात कमी-जास्त करायला कुणी धजावत नसे. मग रात्री सरकारच्या शिंपल्यांचा लिलाव, हजाराच्या भावाने. १९०६ च्या हंगामात या कामावर असलेल्या तरुण अधिकाऱ्यांत लेनर्ड वुल्फही होता, तो पुढे लेखक झाला आणि त्या किनाऱ्यावरच्या कुजक्या शिंपल्यांच्या दुर्गंधीबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे.

आता या हिशेबाचं फळ काय मिळालं ते पाहू. १८३७ च्या हंगामानंतर सिलोनच्या बाजूला सलग १७ वर्षं हंगाम झाला नाही. १८६३ नंतर पुन्हा दहा वर्षांचा खंड. १८९१ च्या मोठ्या हंगामानंतर ११ वर्षं काहीच नाही. निरीक्षक जात होता, पाणबुडे खाली उतरत होते, अहवाल लिहिला जात होता आणि त्यात एकच निष्कर्ष येत होता: यंदा हंगाम नाही.

मला या ओसाड वर्षांचं मोल फार वाटतं. तिजोरीत लाखो रुपये आणणारा हंगाम ओळीने ११ वर्षं भरवायचा नाही, याला धीर लागतो. मोजून ‘नाही’ म्हणणारा माणूस आणि ते ऐकणारं सरकार, दोन्ही तिथे होते. सरकारने ते शिंपल्यांच्या प्रेमापोटी केलं नाही. रिकाम्या पारावर हंगाम भरवला तर खर्चही निघणार नाही, हे त्याला कळत होतं. तरी परिणाम तोच झाला. पार मोकळे राहिले.

या खंडांचं कारण शोधायला सरकारने शास्त्रज्ञ बोलावले. १८५०च्या दशकात डॉ. केलार्ट यांनी दाखवून दिलं की शिंपला जन्मभर एका जागी अडकलेला नसतो. तो आपले धागे सोडून थोडा सरकतो आणि पुन्हा नवे धागे लावतो. १९०२ मध्ये लिव्हरपूलचे प्राध्यापक हर्डमन आले. त्यांच्याबरोबर जेम्स हॉर्नेल आले, ते मागे राहिले आणि पुढे मद्रासच्या मत्स्यखात्याचे मोठे अधिकारी झाले. हर्डमन यांचा पाच खंडांचा अहवाल रॉयल सोसायटीने छापला. त्यातला पेरिय पाराचा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगत असे. किनाऱ्यापासून बराच लांब, मैलोन् मैल पसरलेला हा पार मार्च १९०२ मध्ये बारीक शिंपल्यांनी गच्च भरलेला होता, अब्जावधींनी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे काही उरलं नव्हतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटांनी रेती हलली आणि सगळं बी गाडलं किंवा वाहून गेलं. त्या वर्षी तिथे हंगामासाठी एकही पाणबुड्या उतरला नव्हता. स्थानिक लोक या पाराला आईचा पार मानत, कारण तिथे पुन्हा पुन्हा बी धरतं. धरतं, पण टिकत नाही.

हर्डमन यांचं म्हणणं असं की रेती, लाटा, दाटी आणि शिंपले फोडून खाणारे पाकट व इतर मासे हे या शिंपल्याचे मोठे शत्रू आहेत. त्यांनी उपाय सुचवले: मोकळ्या खडकांवर दगड-शिंपा टाकून बी धरायला जागा वाढवा आणि पेरिय पारावरचं बी पावसाळ्याआधी उचलून सुरक्षित पारांवर नेऊन सोडा. उपाय चांगला होता. त्यासाठी बोट, माणसं आणि सगळ्यात जास्त म्हणजे थांबण्याची तयारी लागणार होती.

आणि नेमका त्याच वेळी समुद्राने भरभरून दिलं. १९०३ मध्ये ४ कोटी ११ लाखांहून जास्त शिंपले निघाले. १९०४ मध्ये ४ कोटी १० लाख. १९०५ मध्ये ८ कोटी १५ लाखांहून जास्त शिंपले आणि २५ लाख रुपयांहून जास्त उत्पन्न, म्हणजे तोवरच्या सगळ्या हंगामांत न दिसलेला आकडा. असा आकडा समोर असताना सरकारने पार २० वर्षांच्या कराराने ‘सिलोन कंपनी ऑफ पर्ल फिशर्स’ या लंडनच्या कंपनीला दिले. वर्षाला ३,१०,००० रुपये भाडं.

या इतिहासात सगळं वळलं ते या भाड्यापाशी, असं माझं मत आहे. सरकारला ओसाड वर्ष परवडत होतं, कारण त्या वर्षी उत्पन्न बुडालं तरी कुणाला काही द्यायचं नव्हतं. कंपनीला दर वर्षी ३,१०,००० द्यायचे होते, पारावर शिंपले असोत वा नसोत. पेरिय पाराचं बी कधी टिकेल हे लाटा ठरवणार, आणि भाड्याची तारीख मात्र कागदावर ठरलेली. कंपनीने १९०६ आणि १९०७ असे दोन हंगाम घेतले, त्यानंतर पार रिकामे झाले आणि १९१२ मध्ये कंपनी मोडली. पार रिकामे होण्याचा सगळा दोष मी तिच्या माथी मारणार नाही, हर्डमन यांनी दाखवलेले शत्रू त्या वर्षांतही होतेच. पण ज्याला थांबता येत नाही त्याच्या हातात मोजणीचा अहवाल देऊन काय होणार? पुढे सिलोनच्या बाजूला हंगाम भरला तो १९२५ मध्ये. आपल्या बाजूला तूत्तुकुडीला १९५५ पासून काही वर्षं चांगले हंगाम झाले आणि १९६१ नंतर तेही थांबले.

तूत्तुकुडीच्याच किनाऱ्यावर शंखाचीही मासेमारी होती. तिचा मार्ग निराळा होता. शंख बंगालमध्ये बांगड्यांसाठी जायचे. तिथे साठा किती हे मोजण्यापेक्षा आकारावर बंधन घातलं गेलं: सुमारे सव्वादोन इंचांपेक्षा कमी रुंदीचा शंख काढायचा नाही. मापाच्या भोकातून जो आरपार गेला तो पुन्हा समुद्रात. समुद्रातल्या शंखांची संख्या कुणाला ठाऊक असण्याची इथे गरजच नव्हती.

आपल्या मुंबईच्या समुद्रात असं माप वेळेवर आलं नाही. चपटी वाळूतली शेवंड १९७०च्या दशकाच्या अखेरीस ट्रॉलरच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणात येऊ लागली आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली. अंडी धरलेल्या माद्याही बाजारात येत होत्या. निर्यातीसाठी किमान वजन ठरलं ते २००३ मध्ये: चपट्या शेवंडीला १५० ग्रॅम, आपल्याकडच्या मोठ्या शेवंडीला ३०० ग्रॅम. हे बंधन निर्यातीच्या दारात होतं. बोटीवर मेलेली १०० ग्रॅमची शेवंड दारातून परत पाठवून समुद्राला काय मिळणार?

म्हणून मला केरळच्या अष्टमुडीचं उदाहरण जवळचं वाटतं. कोल्लम जिल्ह्यातला हा खाडीसरोवराचा मोठा पसारा. तिथे मिळणारी पिवळ्या पायाची शिंपली म्हणजे आपल्याकडे तिसऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींपैकीच एक. १९८०च्या दशकात तिचं मांस गोठवून जपानकडे आणि आग्नेय आशियाकडे जाऊ लागलं आणि काढण्याला जोर आला. १९९१ मध्ये पकड १०,००० टनांच्या आसपास पोचली आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर आली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या लोकांनी वाढ आणि विणीचा काळ अभ्यासून उपाय सांगितले आणि जिल्हा प्रशासनाने त्यांना हुकमाचं रूप दिलं. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, कारण तेव्हा वीण. जाळीचं भोक ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. यंत्राने ओढायचं नाही. एका किलो मांसात १,४०० पेक्षा जास्त नग बसतील इतका बारीक माल निर्यात करायचा नाही.

यातल्या एकाही अटीत टनांचा आकडा नाही. माझ्या मते या बंधनांचं बळ तिथेच आहे. मन्नारच्या निरीक्षकाचा आकडा बरोबर की चूक हे तपासायला बोट, पाणबुडे आणि सरकारी अधिकार लागत. अष्टमुडीत बंदी लागू आहे की नाही हे कॅलेंडर सांगतं, जाळीचं भोक पट्टीने मोजता येतं आणि किलोभर मांसातले नग सोलणारी बाईसुद्धा मोजू शकते. शेजारच्या होडीत काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. बंदीच्या तीन महिन्यांत मिळकत थांबते, हे खरं. पण बंदी उठल्यावर जाड, भरलेला माल मिळतो हे लोकांनी स्वतः पाहिलं. त्यामुळे पकड सावरली आणि पुढची बरीच वर्षं टिकून राहिली. पुढे मत्स्यखातं, संशोधन संस्था, काढणारे, व्यापारी आणि स्वयंसेवी संस्था यांची एक परिषद बनली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये या मासेमारीला मरीन स्ट्यूअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलं. तेव्हा सुमारे ३,००० लोकांचं पोट या शिंपलीवर होतं.

अष्टमुडीतही पुढे उत्पादन घटलं आणि संशोधन संस्थेला उबवणीत वाढवलेलं बी खाडीत सोडावं लागलं. कल्लडा नदीचं गोडं पाणी, खारटपणातले बदल, खाडीत येणारी घाण, हे जाळीच्या भोकाच्या ताब्यातले प्रश्न नाहीत. पेरिय पाराचा धडा तिथेही लागू आहे. पण बी सोडल्यावर ते वाढू द्यायची शिस्त लोकांना आधीपासून होती, म्हणून बी सोडण्याला अर्थ आला.

आमच्या खाड्यांत तिसऱ्या काढणाऱ्या बहुतेक बायकाच. सुकती बघून घरातली कामं उरकायची, कमरेपर्यंत पाण्यात उतरायचं, हातापायांनी रेती चाचपायची आणि दुपारी बाजारात वाटे मांडायचे. काळबादेवीला मोजणी करताना एका काकींनी माझ्या विद्यार्थिनीला दटावलं होतं, “बारक्या कशाला भरतेस गो? त्यांत मास तरी काय? ठेव त्या, वाढू दे.” आपल्या टोपलीतून त्या बारीक तिसऱ्या वेगळ्या काढून पाण्यात टाकत होत्या, कोणत्याही हुकमाशिवाय. पण त्याच खाडीत पलीकडच्या बाजूला बारीक-मोठं सगळं एकत्र भरून नेणारेही होते आणि आपण सोडलेली तिसरी त्यांच्या टोपलीत जाणार हे काकींना माहीत होतं. अशा वेळी सोडणाऱ्याने किती दिवस सोडत राहायचं?

अष्टमुडीसारखी परिषद आमच्या खाडीवर बसवायची तर आधी कुणाला बोलवायचं ते ठरवावं लागेल आणि तिथेच अडतं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि त्याचा परवाना बोटीला मिळतो. पावसाळ्यातली बंदी यांत्रिक बोटींना आहे. खाडीत उतरणाऱ्या बाईकडे बोट नाही, म्हणून बोटींच्या नोंदवहीत ती नाही. तिचं नाव, तिची खाडी, तिच्या सुकतीच्या वेळा आणि ती किती काढते हे कुठेतरी लिहिलं गेलं, तर विणीचे महिने बंद ठेवण्याची बोलणी तिच्याशी करता येतील. बंद महिन्यांत तिला काय मिळणार, हेही त्याच बैठकीत ठरवता येईल. विणीचा काळ खाडीखाडीत वेगळा निघेल आणि तो मोजायला आमची पोरं तयार आहेत, चौकटीही आहेत. ती वही कोणत्या खात्याने उघडायची, हे शासनाने ठरवायचं आहे.